दुपारचं पाणी

सासूबाईंना अर्धांगवायू झाला आणि त्यांचं सगळंच माझ्या अंगावर आलं. नवरा एसटीत ड्रायव्हर, घरी कमी आणि गाडीवर जास्त. उन्हाळ्यात लोहाऱ्यात नळाला पाणी कधी येईल त्याचा भरवसा नाही, आणि इकडं दिवसभर त्यांच्या भिजलेल्या चादरी धुवायच्या. मग मी दुपारनंतर त्यांना पाणी कमी द्यायला लागले. मागितलं की म्हणायचे, "आत्ताच तर पिलात की, आत्या."  त्यांची जीभ जड झालेली, वाद कसा घालणार?

कुणाला कळलं नाही. दर रविवारी मी चर्चमध्ये उपासनेला जायचे, गीतं म्हणायचे. मंडळीतल्या बाया म्हणायच्या, सून असावी तर अशी. ते ऐकून कामापेक्षा जास्त थकवा यायचा.

एका रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी, येशूची आठवण म्हणून वाटतात त्या भाकरीचं ताट माझ्यापुढं आलं. मनात पाप लपवून ती घेऊ नये म्हणतात; माझा हात उचलेना. ताट तसंच शेजारणीकडं दिलं. उपासना संपल्यावर पाळकांच्या बायकोनं मला बाजूला घेतलं. मी रडत सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता त्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतील, आणि सुटले मी.

त्या म्हणाल्या, "देवाला सांगितलंस, बरं केलंस. पण तहान देवाला न्हवती लागली."

घरी आले आणि चप्पल काढून थेट खाटेजवळ बसले.

"आत्या, मी तुम्हाला मुद्दाम पाणी देत नव्हते. चादरी धुऊन जीव विटला होता माझा. माफ करा."

त्यांनी वरच्या पत्र्याकडं बघितलं. मग अडखळत म्हणाल्या, "म्हाईत हाय मला." जरा थांबून, "दे आता."

चमच्यानं पाजलं. तांब्या संपेपर्यंत त्या पीत राहिल्या. संध्याकाळी चादर भिजली, मी धुतली. कंबर दुखायची ती दुखलीच.

पुढच्या प्रभुभोजनाला मी भाकर घेतली. आत्या त्यानंतर वर्षभर होत्या. माझी चिडचिड काही गेली नाही, पण आता ती मी लपवत नव्हते. "आत्या, आज लई दमले," म्हणायचे. मग त्या चांगल्या हातानं माझं मनगट धरून प्रार्थना करायच्या. निम्मे शब्द कळायचे नाहीत. ऐकता ऐकता बसल्या जागी माझा डोळा लागायचा, आणि त्या हात सोडायच्या नाहीत.