मामांच्या थर्मासचं झाकण

थर्मासच्या तोंडाचं माप घेऊन मी संगणकावर त्याच्या झाकणाचं ड्रॉइंग काढलं आणि झाकणाचं आतलं माप तोंडाच्या बाहेरच्या मापाएवढंच ठेवलं. अगदी तंतोतंत. पडद्यावर ते इतकं सुरेख बसलं की मी बायकोला हाक मारून दाखवलं. नवीन पनवेलच्या थ्री-डी प्रिंटरवाल्याकडून ते प्लास्टिकमध्ये बनवून आणलं, तेव्हा मोठ्या माणसाच्या डोक्यावर बाळाचं टोपडं टेकावं तसं ते नुसतं टेकलं. मी थर्मास गुडघ्यांत धरून जोर लावला. झाकण तडकलं आणि गुडघा सुजला.

थर्मास माझ्या बायकोच्या मामांचा. जगातली यच्चयावत भांडणं मध्ये पुरेशी फट न सोडल्यामुळे होतात, असं मानणारा हा भूतलावरचा एकमेव माणूस. मूळचे जासईचे, पण तळोज्याच्या कारखान्यात नट-बोल्टची ड्रॉइंगं काढण्यात जन्म गेला, आधी कागदावर आणि मग संगणकावर. शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात, मामा जाडी-रुंदी मोजायचा व्हर्नियर ठेवत. एका साखरपुड्यात त्यांनी भर मांडवात अंगठी मोजली, मग नवरीचं बोट मोजलं आणि जाहीर केलं, "जानार नाय." वरमाईने डोळे वटारले. दहा मिनिटांनी नवरी मोरीत साबण लावून बोट चोळत होती आणि मामा दारात उभे राहून "जोर नका लावू, जोर नका लावू" म्हणत होते. आम्हा नवराबायकोचं वाजलं, की ते भाचीला दोन दिवस जासईला पाठवून देत. "बोल्टाची चूक नाय, नटाची पन नाय," मला समजावत, "मधी जागाच नाय सोडलेली."

कुठलंही झाकण लावताना मामा ते आधी उलटं फिरवत. लोणच्याची बरणी असो नाहीतर खोबरेल तेलाची बाटली, मान तिरकी करून, डोळे मिटून, गवयाने तंबोरा लावावा तसे ऐकत राहत. उलटं फिरवताना बारीकसा 'टक्' झाला की आट्याला आटा सापडला. मगच सरळ फिरवायचं. त्यांच्या घरात पाहुण्यालाही ही सूट नव्हती. मी एकदा घाईत मधाची बाटली थेट बंद केली, तर त्यांनी ती उघडून मला पुन्हा लावायला लावली.

रोज संध्याकाळी वडाळे तलावाच्या काठी आम्ही बसायचो. थर्मासमधला चहा, त्याच्याच झाकणात, आळीपाळीने. गेल्या वर्षी मुलाने त्यांना बंगळुरूला नेलं. सामानाच्या बांधाबांधीत झाकण फुटलं, तेव्हा थर्मास माझ्या हातात देऊन म्हणाले, "जावईबापू, झाकन बनवा. जमलं तर दोन्ही पाठवून द्या. नाय जमलं तर मी येतो शिकवायला."

आता मी काठावर एकटाच कागदी कपातला चहा पितो. वर विमानांची ये-जा चालू असते. ती किती खालून गेली याचा अंदाज बोटांनी काढून दाखवणारं कुणी शेजारी नसतं. म्हणून संध्याकाळी मामांना फोन लावतो आणि ते लांबून शिकवतात. तडकलेल्या झाकणाची हकीकत ऐकून म्हणाले, "दोगांना एकच माप दिलंत? मग हवेनं कुठं जायचं?" दुसऱ्या झाकणात मी एवढी ऐसपैस जागा सोडली, की थर्मास कलता केला आणि झाकण खाली पडून पलंगाखाली घरंगळत गेलं.

परवा तिसरं झाकण आणलं. फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला आणि झाकण उलटं फिरवलं. टक्! मग सरळ फिरवलं, तर लोण्यातून सुरी जावी तसं गेलं. मी आनंदाने ओरडणार होतो, तेवढ्यात लक्षात आलं, की आता नुसतं कुरिअर करायचं उरलं.

"नाही हो मामा," मी लगेच म्हणालो, "अजून बसत नाही. तुम्हालाच यावं लागणार."

पलीकडून त्यांच्या सुनेच्या कुकरची शिटी तेवढी ऐकू आली.

"थर्मास पाठवू नका," मामा हळूच म्हणाले. "र्‍हाऊ दे तितंच. मी येतोय." मग घसा खाकरून, "आन जावईबापू, टक् मी पन ऐकला. खोटं बोलताना तरी मधी जरा जागा सोडत जा!"