बांधावर एक दगड

धरणात त्याचं गाव गेलं, तेव्हा त्याला आमच्या शेजारचा खडकाळ माळ मिळाला. आम्ही हसलो होतो. नवरा-बायकोनं पहारीनं तो माळ फोडला. रानातनं निघताना एक तरी दगड उचलून बांधावर ठेवायचा, ही त्याची तेव्हापासूनची सवय. आता मंचरच्या बाजारात व्यापारी आधी त्याच्या कांद्याकडे वळतात, आणि मला जेवण गोड लागत नाही. इतकी वर्षं झाली तरी मी त्याला पावणंच म्हणतो.

परवा माझ्या वडिलोपार्जित रानातनं जाताना तो वाकला.

"ऱ्हाऊ द्या की, पावणं."

"लई दगड हायेत, भाऊ," म्हणत त्यानं एक माझ्या बांधावर ठेवला.

काल तो नसताना मी त्याच्या रानात शिरलो. या टोकापासून त्या टोकापर्यंत दगड शोधला. एकही सापडला नाही.