माझ्या मागावर डिटेक्टिव्ह अण्णा

हुबळीत गुपचूप चौकशा करणारा एकच माणूस होता, आणि तो अख्ख्या हुबळीला ठाऊक होता. दाजीबानपेठेत माझं टॉवेल-लुंग्यांचं दुकान, आणि समोरच्या जिन्यावर त्याची खोली. त्याचा बोर्ड एवढा मोठा, की त्याच्यापुढं माझ्या दुकानाची पाटी औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीसारखी दिसायची. मराठी, कन्नड, इंग्रजी, तिन्हींत लिहिलेलं: 'खासगी चौकशी. अत्यंत गुप्त.' खाली त्याचा हसरा फोटो. पेठ त्याला डिटेक्टिव्ह अण्णा म्हणायची. मला पेठ नुसतं टॉवेलवाले अप्पा म्हणते. पेठेत मी त्याच्या आधी आलो, एवढं इथं लिहून ठेवतो. शाळा मी तिसरीत सोडली, पण आधी कोण आणि मागून कोण ते मला कळतं.

त्याचं काम म्हणजे लग्नाच्या स्थळांची चौकशी. निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लजची मंडळी त्याला सांगायची, मुलगा कसा आहे बघा. मग हा त्या मुलाच्या मागं निघायचा. पायातल्या चपला करकर वाजायच्या. वाटेत जो तो विचारायचा, "यार बेन्न हत्तीरी अण्णा? आज कुणाच्या मागावर?" ते ऐकून पुढचा माणूस मागं वळून नमस्कार करायचा. एका पोरानं तर त्याला स्कूटरवरच बसवून घेतलं. म्हणाला, "अण्णा, मी आता बारमध्येच चाललोय, तुम्ही उन्हातनं पाय कशाला तुडवताय?" अण्णा बसला. पोरीच्या बापाला त्यानं सांगितलं, मुलगा पितो, पण लपवत नाही. लग्न झालं, संसार चांगला चाललाय. ही गोष्ट सांगून पेठ पोट धरून हसायची. मी जन्मभर खरं बोललो. त्याची गोष्ट कुणी केली नाही.

रोज सकाळी तो माझ्या दुकानात चहाला यायचा. आमची ही त्याच्यासाठी गिरमिट, म्हणजे आमच्याकडचे मसाल्याचे चुरमुरे, झाकून ठेवायची, वर कच्चा कांदा जास्त, त्याला आवडतो म्हणून. तो म्हणायचा, "अक्का, अप्पांना रोज हे मिळतं, तरी तोंड असं कसं हो त्यांचं?" आणि ही पदर तोंडाला लावून हसायची. माझ्या बोलण्यावर ती कधी तशी हसली नाही. मी जळायचो. लिहायला लाज कसली?

त्याचा एक नेम मात्र कडक. ज्या घराची चौकशी, त्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. म्हणायचा, "खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत. मला तर वासेच मोजायचे असतात. मग खायचंच कशाला?"

पुढं फोन आले. पोरंपोरी एकमेकांना फोनवरच बघून घ्यायला लागली, अण्णाला कोण बोलावणार? त्यात डॉक्टरनं सांगितलं, हृदय दमलंय, फार दिवस नाहीत, जिना चढू नका. हा म्हणाला, "जिना बंद म्हणजे ऑफिस बंद." तरी चढायचा.

आणि एक दिवस तो आला, पण चहाला हात लावला नाही.

"अण्णा, गार होतोय," ही म्हणाली.

"नको अक्का."

ती मटकन खाली बसली. आमच्या नातीला, सुप्रियाला, निपाणीचा मुलगा पसंत होता. मुलाला ती पसंत होती. पण त्याचा बाप जुन्या वळणाचा. त्याच्या कानावर आलं होतं, पोरीचा आजोबा भांडखोर आहे. अण्णाचा शब्द येईपर्यंत तो हो म्हणणार नव्हता. पोरगी रोज डोळे सुजवून कॉलेजला जायची.

मी अण्णाला म्हटलं, "माझी काय चौकशी करतोस? रोज समोर बसतोस की."

"ओळख वेगळी अप्पा, चौकशी वेगळी. ओळखीत माणूस डोळे झाकतो."

ही मला म्हणाली, चार दिवस तरी गोड बोला. मी म्हटलं, मी काय पेढा आहे?

मी बाजाराला निघालो, की मागून करकर. मी भराभरा चालणारा माणूस. दुर्गदबैलात एक भाजीवाली माझ्यावरच ओरडली, "निधान होगरी अप्पा! हळू चाला की, त्यांना धाप लागलीय!" बांगडीवाला त्याला हातानं दाखवायचा, तिकडं वळले, तिकडं. एकदा मी मागं बघितलं तर हा विजेच्या खांबाआड लपलेला, पोट दोन्ही बाजूंनी बाहेर.

"आलास का?" मी विचारलं.

"मी इथं नाहीये," तो म्हणाला.

असं काही दिवस चाललं. मग कमरीपेठेत करकर थांबली. वळलो तर हा एका पायरीवर बसलेला, तोंड पांढरंफटक. मी रिक्षा आणतो म्हटलं, तर मान हलवली. कोपऱ्यावरनं सोडा आणला, तर तोंड फिरवलं. नेम! मी सोडावाल्याला ओढून आणलं. "तू दे. तुझ्यातर्फे म्हण."

"माझ्यातर्फे घ्या अण्णा," तो म्हणाला.

"खरंच तुझ्यातर्फे?" अण्णानं विचारलं. सोडावाला गरीब माणूस, माझ्याकडं बघायला लागला.

"त्याच्याकडनंच आहे! पी मुकाट!" मी ओरडलो.

तो प्यायला. मग म्हणाला, "अप्पा, उद्यापासून दुकानात बसा. माझं झालं."

"काय सांगणार आहेस त्यांना?"

"गुप्त आहे," म्हणाला, आणि डोळे मिटून हसला.

त्याच आठवड्यात त्याला दवाखान्यात नेलं, आणि तिथंच तो वारला. मयताला ही गर्दी. ज्यांच्या ज्यांच्या मागं तो फिरला होता ते सगळे त्या दिवशी त्याच्या मागं चालत होते. स्कूटरवाला तर खांदा सोडेना. माझ्या मनात आलं, मी गेल्यावर एवढे येतील का? आलं ते लिहिलं.

घरी रडणं दुहेरी. अण्णा गेला, आणि त्याच्याबरोबर निपाणीचा शब्दही गेला, असं आम्ही धरून चाललो. तेराव्यानंतर मुलाचा बाप स्वतः दारात. सुप्रिया दाराआड. हिनं तांब्या-भांडं पुढं केलं.

तो म्हणाला, "अण्णांनी दवाखान्यातनं फोन केला होता. म्हणाले, म्हातारा भांडखोर आहे, ऐकलंत ते खरं. पण मी मागं पडलो की दर वेळी भांड्यांच्या दुकानापुढं उभा राहायचा. मला गाठता यावं म्हणून. मुलगी डोळे झाकून करून घ्या."

"मला भांडी बघायची होती," मी म्हटलं.

पाहुणा हसला. सुप्रिया हसत रडत आत पळाली. ही हसली नाही. पाहुणा गेल्यावर दार लावून म्हणाली, "इतकी वर्षं मी तुमच्या मागनं चालतेय. माझ्यासाठी कधी थांबलात?"

अण्णाला उत्तर सुचलं असतं, आणि ती हसली असती.