मधलं पोतं

साळवेबाईंची चाचणी चुकली नव्हती. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. बाई आता नाहीत, आणि मलाही आता हे लपवून ठेवण्याचा थकवा आला आहे.

नोएडात तेव्हा कारखाने आधी उभे राहत आणि रस्ते मागाहून येत. आमचा मसाल्यांचा कारखाना होता. मी खरेदीत होतो, बाई मालाची तपासणी बघायच्या. मूळच्या नगरच्या, लग्नानंतर दिल्लीकर झालेल्या. सकाळी चार्टर्ड बसमधून उतरल्या की प्रयोगशाळेत न जाता आधी फाटकापाशी उभ्या ट्रककडे जायच्या. ताडपत्रीवरून हात फिरवायच्या आणि ड्रायव्हरशी गप्पा सुरू.

"भैया, रास्ते में पानी मिला?"

"नागपूर तक मिला, मॅडम. गाडी भी वहीं अटकी रही."

लगेच माझ्याकडे वळून मराठीत, "सुधीर, ही मिरची आधी उन्हात घाल, नाहीतर बुरशी धरेल. आणि मागच्या गाड्यांनाही उशीर होणार. आजच दुसरीकडे माल बघून ठेव."

असं त्यांचं भविष्य सांगणं. गाडी अडकायच्या आत त्यांना वास लागायचा. कायद्याचंही तसंच. मिरचीपूड लाल दिसावी म्हणून व्यापारी कपड्याचा रंग मिसळतात, हे बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्याकडे मात्र कोणी विचारत नव्हतं. बाईंनी विचारायला सुरुवात केली. "कायदा झोपलाय रे, मेलेला नाही. जागा होईल तेव्हा आपण अंथरुणात सापडायला नको." पूड द्रावणात हलवून तिचा थेंब टिपकागदाच्या पट्टीवर चढवायच्या. परका रंग असला की वेगळा पट्टा दिसायचा. तसा दिसला की गाडी परत.

मालक वैतागायचे. "मॅडम, आप तो बीमारी से पहले पोस्टमार्टम करती हैं!"

"पहले करूँगी तभी तो मरीज़ बचेगा, सेठजी."

मालक हसायचे, आणि गाडी परत जायची.

नमुना काढण्याच्या बाबतीत बाई हट्टी होत्या. व्यापारी चांगली पोती ट्रकच्या मागच्या तोंडाशी लावतो, म्हणून बाई स्वतः वर चढून, चार पोती बाजूला करायला लावून, मधल्या पोत्यात परखी खुपसायच्या. परखी म्हणजे टोकदार पोकळ सळई. हमालांवर त्यांचा विश्वास नव्हता, सुपरवायझरवरही नव्हता. गुडघे दुखायला लागल्यावर ते काम त्यांनी मला दिलं. "तू आपला माणूस. इथल्यांना व्यापारी चहा पाजतो." माझ्या मराठी असण्यावर त्यांनी एवढं ओझं ठेवलं होतं. नाताळात माझ्या घरी त्यांच्या करंज्या यायच्या. त्या आमच्या दिवाळीच्या करंज्यांपेक्षा सरस असत आणि माझी बायको ते कबूल करायची नाही.

परदेशातली पहिली मोठी ऑर्डर होती. ट्रक उशिरा पोचला होता. नो एंट्री लागायच्या आत त्याला परत निघायचं होतं आणि ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नव्हता. हमाल म्हणाले, "बाबूजी, अब कौन बोरियाँ हटाएगा?" मी आठवडाभर नीट झोपलो नव्हतो. मला कोणी चहा पाजला नाही, पैसे दिले नाहीत. मी फक्त कंटाळलो होतो. मागच्याच पोत्यांत परखी खुपसली आणि पुडा बाईंच्या टेबलावर ठेवला.

"मधलं पोतं काढलंस ना?"

"हो, बाई."

कागद स्वच्छ निघाला. माल गेला, आणि तिकडच्या बंदरातून परत आला. त्यात रंग सापडला होता.

बाई ओरडल्या नाहीत. राखून ठेवलेला नमुना त्यांनी पुन्हा तपासला. द्रावण बदलून तपासला, चष्मा पुसून तपासला. दरवेळी स्वच्छ. मग मला बोलावलं.

"सुधीर, राग धरू नकोस, पण पुन्हा विचारते. मधलंच होतं ना?"

तेव्हा सांगता आलं असतं. नोकरी गेली असती, एवढंच. मुलाच्या शाळेचा प्रवेश, नवा फ्लॅट, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं.

"मधलंच, बाई."

त्यांनी मान हलवली. "मग माझीच नजर गेली म्हणायची." माझ्या शब्दापुढे त्यांनी स्वतःचे डोळे खोटे ठरवले. महिनाअखेरीस राजीनामा दिला. मालकांनी थांबवलंही नाही. पुढे या रंगाची तपासणी सगळ्यांनाच करावी लागली. आमच्या कारखान्यात ती बाईंच्याच पद्धतीने होत राहिली, आणि नव्या मुलींना ती मी समजावून सांगायचो.

मयूर विहारला बाईंच्या घरी मी नंतर जात राहिलो, दरवेळी काहीतरी फळं घेऊन. बाई हसून स्वागत करायच्या, बाजाराचं मात्र काही विचारायच्या नाहीत. त्या गेल्या तेव्हा साळवेसाहेब माझा हात धरून बसले होते. "काय झालं होतं कोण जाणे," ते म्हणाले. "दूध नासलंय का, हेसुद्धा ती मला विचारायची. वास घेऊन बघ म्हटलं तर म्हणायची, माझ्या नाकाचं काही खरं नाही."

मी त्यांना पाणी आणून दिलं.

साळवेसाहेब अजून तिथेच असतात, एकटेच. त्यांच्या समोर बसून, तुमच्या बायकोचं काहीही चुकलं नव्हतं, मी खोटं बोललो होतो, एवढं सांगणं माझ्याकडे बाकी आहे.