बोटीवरची सहावी जागा

बोटीत पाऊल ठेवायच्या आधीच मी एक खोटं तयार ठेवलं होतं. चांगलं घोटून. बायको पुण्याला गेलीय, माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, दोन महिने तरी येत नाही. कुणी खोदून विचारलंच तर उजवा गुडघा. डॅलसहून मायामीला जाताना विमानात मी ते मनातल्या मनात तीनदा म्हणून पाहिलं. शेजारच्या बाईनं मला झोपेत बडबडणारा समजून खिडकीकडे तोंड केलं.

खरं असं होतं, की जानेवारीतल्या एका रविवारी ती दोन बॅगा घेऊन डॅलसजवळच्या अर्विंगमधल्या आमच्या अपार्टमेंटमधून निघून गेली होती. मैत्रिणीकडे राहते, शोधू नकोस, एवढंच म्हणाली. फोन उचलायची नाही. आठवड्यातून एकदा ईमेल यायची, मी बरी आहे. कोण मैत्रीण, कुठे राहते, काही पत्ता नाही. आणि मी हे कुणालाही सांगितलं नव्हतं. ऑफिसात नाही, पुण्याला आईला नाही, या मित्रांना तर मुळीच नाही. माझं गणित साधं होतं: जोवर कुणाला कळलेलं नाही, तोवर काही झालेलंच नाही. ती परत आली की बॅगा गुपचूप कपाटात जातील आणि विषय संपेल. एकदा चारचौघांत बोभाटा झाला की परत येणं तिलाही जड आणि मलाही. मला ती परत हवी होती. म्हणून ते खोटं मी जिवापाड सांभाळत होतो.

आता ही बोट काय भानगड होती, तेही सांगतो. आमचा सहा जणांचा ग्रुप. डॅलसच्याच फ्रिस्को उपनगरातला माझा मित्र आणि त्याची बायको, म्हणजे वहिनी. दोघं आमच्याहून चार-पाच वर्षांनी मोठे. दुसरं नागपूरचं नवं जोडपं, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आणि आम्ही दोघं. मित्रानं कुठेतरी ग्रीसच्या बेटांचे फोटो पाहिले आणि त्याच्या डोक्यात शिडाची बोट शिरली. आठवडाभर बोटीवरच राहायचं, रोज नवीन बेट. सहा महिने प्लॅनिंग चाललं, मेलवर मेल. मग लक्षात आलं, की पासपोर्टावरचा व्हिसा आम्हा दोघा मित्रांचाही संपलेला. नोकरीला त्यानं काही फरक पडत नाही, पण देशाबाहेर पाऊल टाकलं की परत येताना कॉन्सुलेटच्या रांगेत, आणि तिथून कधी सुटका होईल ते देवच जाणे. ग्रीस कॅन्सल केलं, फ्लोरिडाच्या टोकाची बेटं बुक केली. मार्च २००६ची. "पाणी तेच, निळंच," असं म्हणून मित्रानं स्वतःची समजूत घातली. बुकिंग केल्यावर महिनाभरात माझी बायको गेली. बुकिंग तसंच राहिलं.

आमची बोट कॅटमरान होती, म्हणजे दोन लांब होड्या शेजारी शेजारी बांधून त्यांच्यावर बैठकीची खोली ठेवलेली. पुढे दोन होड्यांच्या मधे जाळं ताणलेलं. त्यावर पडलं की खालून पाणी पळताना दिसतं. झोपायच्या खोल्या खाली, होड्यांच्या पोटात. तीन डबल बेडच्या आमच्या, एक कॅप्टनची. माझ्या वाट्याला डबल बेड आला. मी एका कडेला झोपायचो आणि दुसऱ्या कडेला बॅग ठेवायचो. सगळा बेड मोकळा होता, पण मधे सरकायची हिंमत होत नव्हती.

कॅप्टन साठीचा गोरा माणूस, उन्हानं तांब्यासारखा झालेला. पहिल्या दिवशी त्यानं धक्क्यावर लाइफ जॅकेटं मांडली. सहा. मग आम्हाला मोजलं. पाच. हातातल्या यादीकडे बघून तो म्हणाला, सहावी व्यक्ती कुठे आहे?

मी घसा खाकरला. आली वेळ. पण मी तोंड उघडायच्या आत मित्रच घाईघाईनं म्हणाला, "शी कुडन्ट मेक इट." वहिनी पिशवीत काहीतरी शोधायला लागल्या. नागपूरच्या दोघांना एकदम एक पेलिकन पक्षी दिसला. कॅप्टननं खांदे उडवले आणि सहावं जॅकेट पेटीत परत टाकलं. मला त्या क्षणी फक्त राग आला. एवढं पाठ केलं, आणि हा मधेच बोलला!

पण मला वाटलं, ठीक आहे, जेवताना विचारतील. आपली माणसं ती. आपल्या लोकांत नवरा एकटा दिसला की पहिला प्रश्न काय असतो? बायको कुठे, कधी येणार, तू जेवतोस काय, डबा लावलास का. अमेरिकेत पंधरा वर्षं काढलेला माणूससुद्धा हे विचारायचं सोडत नाही. कुठल्याही पॉटलकच्या जेवणाला जा, पाच मिनिटांत तुमचा सगळा पंचनामा झालेला असतो. आणि इथे? पहिला दिवस गेला. दुसरा गेला. कुणी अवाक्षर काढेना.

मी त्यांना वाव देऊन पाहिला, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी वहिनींनी बोटीवरच्या इवल्याशा स्वयंपाकघरात खिचडी केली. तांदूळ तीनदा धुतले, भांडी नळ सोडून घासली, आणि आठवड्याच्या पाण्यातलं निम्मं संपवलं. कॅप्टननं कपाळाला हात लावला. मी म्हटलं, "आमच्याकडेही असंच असतं, तांदूळ धुवायला लागली की थांबतच नाही." हे बोलून मी वाट बघत बसलो. वहिनी म्हणाल्या, "लोणचं घ्या ना भाऊजी." झालं. विषय लोणच्यावर.

तिसऱ्या दिवशी कॅप्टननं कामं वाटली. नांगर टाकताना एकानं पुढे उभं राहून हातानं खुणा करायच्या, दुसऱ्यानं सुकाणू धरायचं. एंजिनच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून खुणा. जोडीजोडीनं शिकवलं. मित्र आणि वहिनी खुणा करता करता भांडायला लागले. "डावीकडे म्हणजे तुझी डावी की माझी?" नागपूरची दोघं हसून हसून जाळ्यावर लोळली. मला जोडीला कॅप्टन मिळाला. तो बिचारा सुकाणू धरून माझ्याकडे बघत राहायचा, आणि मी पुढे उभा राहून हात हलवायचो. मला तेव्हा भयंकर एकटं वाटलं. चार माणसं हाकेच्या अंतरावर, आणि चहूकडे काचेसारखं पाणी. नागपूरची मुलगी मागून येऊन म्हणाली, "दादा, काय विचार करून राहिले एकटे?" मला वाटलं, आता विचारेल. तर तिनं चिवड्याची पिशवी पुढे केली आणि निघून गेली.

रोज संध्याकाळी पाचच्या सुमाराला वहिनी फोन घेऊन बोटीच्या टोकाला जायच्या. एखाद्या बेटाजवळ रेंज मिळायची. त्यांची दोन मुलं घरी होती. कुणाजवळ ठेवलीत, हे मी विचारलं नाही. मला कुणी काही विचारत नव्हतं, मग मी कशाला विचारू?

एक मात्र सांगायला हवं. माझं ते खोटं इतकं सोपं बसत होतं, कारण ते तीनदा खरं झालेलं होतं. आईला मोतीबिंदू झाला तेव्हा ती पुण्याला जाऊन तीन महिने राहिली. आई बाथरूममध्ये पडली तेव्हा तीन महिने. आईला नुसतंच बरं वाटेना तेव्हा चार. मला रजा नव्हती, व्हिसाची कटकट होती, प्रोजेक्ट होता. तिला इथे काम करायची परवानगी नव्हती, घरीच असायची, मग जायला काय हरकत होती? तिचं माहेर सांगलीला. तिथे ती चार दिवस जाऊन यायची; शेवटच्या खेपेला तेही जमलं नव्हतं. मी तिकीट काढून द्यायचो आणि एअरपोर्टवर सोडायचो. तिनं कधी नाही म्हटलं नाही. असं मला वाटायचं.

पाचव्या दिवशी दुपारी आम्ही एका खारफुटीच्या बेटामागे नांगर टाकला. वारा पडला होता. सगळे सावलीत जेवायला बसले होते, पिठलं आणि ब्रेड. मित्र कुठल्यातरी गोऱ्या कलीगची नक्कल करत होता आणि सगळे हसत होते. माझ्या डोक्यात एकदम तिडीक गेली. मी ताट खाली आपटलं.

"कुणी विचारलं नाही, म्हणून मीच सांगतो," मी म्हणालो. "ती पुण्याला गेलीय. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. उजव्या."

नागपूरची मुलगी उठून खाली गेली, तिच्यामागे तिचा नवरा. मित्र पाण्याकडे बघत म्हणाला, "अच्छा. मग... बऱ्या आहेत ना आता आई?"

"तू गप्प बस रे," वहिनी त्याला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, पुरे आता. ती आमच्याकडे आहे."

मला कळेचना. "तुमच्याकडे म्हणजे?"

"म्हणजे आमच्या घरी. वरच्या खोलीत. जानेवारीपासून. आत्ता मुलांजवळ तीच आहे."

अर्विंगहून फ्रिस्को अर्ध्या तासाच्या ड्राइव्हवर. फेब्रुवारीत मी त्यांच्या दारात गेलो होतो, मित्राकडून बोटीचे कागद घ्यायला. त्यानं मला आत बोलावलं नव्हतं. मुलांना ताप आहे म्हणाला होता. मी दारातूनच वळलो होतो. ती वर असणार.

"मला का नाही सांगितलंत?" माझा आवाज चिरकला.

"तिनं शपथ घातली होती. आणि तुम्ही तरी काय हो, दोन महिने झाले, कुणाजवळ एक शब्द काढलात? आम्हाला विचारलं असतंत तर मी शपथ मोडली असती, देवाशप्पथ." वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्हाला बोटीवर न्यायचं की नाही, यावर आमची भांडणं झाली. तीच म्हणाली, घेऊन जा, नाहीतर घरी तो एकटा बसेल."

मला लाज वाटली, संताप आला, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. ती माझा विचार करत होती! म्हणजे अजून काही बिघडलं नव्हतं. म्हणजे यायला वाट होती. मी वहिनींना म्हणालो, मला बोलायचंय. हातच जोडले मी. त्या म्हणाल्या, "पाचला फोन करते तेव्हा विचारते तिला. हो म्हणाली तर देईन. नाही म्हणाली तर नाही."

पाच वाजेपर्यंत मी जाळ्यावर बसून काय बोलायचं ते जुळवत होतो. चुकलं माझं. घरी ये. तुझ्याशिवाय घर खायला उठतं. तू म्हणशील तसं करू. खरंखुरं, एकही शब्द घोटलेला नाही. वहिनी टोकाला उभ्या राहून हळू आवाजात बोलत होत्या. मग त्यांनी मला हात केला, फोन दिला आणि आत निघून गेल्या.

"हॅलो," ती म्हणाली. दोन महिन्यांनी आवाज ऐकला. मागे मुलांचा दंगा चालला होता.

"कशी आहेस?"

"बरी आहे. तुला बोट लागते का?"

"नाही. पहिल्या दिवशी जरा लागली." तिनं हे विचारावं याचं मला इतकं बरं वाटलं, की जुळवलेलं सगळं विसरलो.

"वहिनी म्हणाल्या, आज तू आपण होऊन सगळ्यांसमोर माझ्याबद्दल बोललास." तिचा आवाज मऊ होता. खरंच मऊ होता, मला अजून ऐकू येतो. "काय बोललास, ते त्या सांगेनात. म्हणाल्या, त्यालाच विचार. काय सांगितलंस?"

आता खोटं बोलायचं नाही असं मी ठरवलंच होतं. म्हणून खरं सांगितलं. "सांगितलं, की तू पुण्याला गेलीयस. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला."

मला वाटलं रेंज गेली. मी फोन कानाला दाबून धरला.

"खोटंच सांगायचं होतं ना?" ती म्हणाली. "मग एकदा तरी मला सांगलीला पाठवायचं होतंस."

आणि तिनं फोन ठेवला.