ट्रकची पायरी आणि मुलीकडची मंडळी

फिनलंडच्या एका कंपनीच्या अवजड ट्रकची नवी सीरिज तयार होत होती आणि तिच्या केबिनचं काम अमेरिकेत ॲन आर्बरमधल्या आमच्या छोट्याशा डिझाइन ऑफिसकडे आलं होतं. केबिनमध्ये चढायच्या पायऱ्या आणि धरायची हँडलं माझ्या वाट्याला आली. माझी उंची पाच फूट, तीही बूट घालून. नागपूर सोडेपर्यंत मी ट्रकला लांबूनच नमस्कार करत आले होते. आता वर्कशॉपमधल्या प्लायवुडच्या केबिनमध्ये दिवसभर चढत-उतरत होते.

पहिली पायरी माझ्या गुडघ्याच्या बरीच वर होती. कॉम्प्युटरमधला ड्रायव्हर सहा फुटी गडी, तो झोकात चढायचा. "यार, तिकडचे लोक हाइटला चांगले असतात, तू कशाला टेन्शन घेतेस?" शेजारचा सहकारी म्हणाला. असतील उंच. पण तिकडे जंगलातून ओंडके वाहणारा ड्रायव्हर दिवसातून कितीदा तरी उतरतो, बर्फात, जाड बूट घालून, आणि ट्रक बायकाही चालवतात. त्यांनी काय दर वेळी देवाचं नाव घेऊन उडी मारायची? मी डिझाइनमध्ये खाली आणखी एक पायरी जोडली, रबरी पट्ट्यांवर लोंबणारी. दगडाला आपटली तर मागे वळेल, तुटणार नाही.

आमचे साहेब पुण्याचे. माणूस हुशार, पण शांतता त्यांना सोसायची नाही. आणि फिनलंडची मंडळी व्हिडिओ कॉलवर नुसती शांत बसायची. आपण काही सांगावं, तर पलीकडे चार चेहरे, ढिम्म. हो नाही, नाही नाही. लग्नाच्या बैठकीत मुलाकडचे गप्प झाले की मुलीकडचे धास्तावतात आणि न मागताच आणखी काहीतरी कबूल करून बसतात, तसं साहेबांचं व्हायचं. केबिनमधल्या झोपायच्या बर्थवरचा दिवा दाखवला, शांतता, की साहेब घाईघाईने म्हणणार, "वी कॅन रिमूव्ह इट." दाराजवळचं खालचं हँडल असंच गेलं. त्याचं डिझाइन माझंच होतं. त्या दिवशी मी जेवले नाही, इतका संताप झाला होता.

शेवटी डिझाइन फ्रीझची मीटिंग आली. त्यानंतर केबिनला हात लावता येणार नव्हता. तिथं पायरी गेली असती तर त्या सीरिजचा शेवटचा ट्रक रस्त्यावरून उतरेपर्यंत गेलीच.

"हे बघ, पायरीचा हट्ट सोड," साहेब आधीच म्हणाले. "वेट वाढतंय. क्लायंटला आवडलेली दिसत नाही."

"सर, कोण म्हणालं तसं?"

"म्हणायला कशाला पाहिजे? चेहरे बघ ना त्यांचे!"

मी काही ऐकणार नव्हते. कॉल सुरू झाला. पायरी दाखवली, बर्फात ती कशी वागेल ते सांगितलं आणि थांबले. पलीकडे नेहमीचीच शांतता. एकाने कॉफीचा घोट घेतला. त्यांचे चीफ इंजिनिअर टेबलाकडे बघत राहिले. साहेबांची खुर्ची करकरली. त्यांनी घसा खाकरला, माइककडे झुकले आणि म्हणाले, "वी कॅन..."

"सर, गप्प बसा!"

अख्ख्या ऑफिससमोर, चालू माइकवर. साहेबांचं तोंड उघडंच राहिलं. मराठी पलीकडे कुणाला कळणार नव्हतं, पण आवाज कळण्यासारखा होता. नोकरी गेली तर व्हिसाही जाईल, हे मला त्याच क्षणी आठवलं. तरी मी मागे हटले नाही. हात बांधून बसले आणि मीही टेबलाकडे बघू लागले. साहेबांच्या कपाळावर घाम आला होता. येऊ दे म्हटलं.

बऱ्याच वेळाने चीफ इंजिनिअरनी मान वर केली. "इट्स गुड," ते म्हणाले. "कीप इट."

बस्, एवढंच. मग त्यांनीच विचारलं, खालचं हँडल तुम्ही का काढून टाकलंत? आम्हाला ते आवडलं होतं.

"तुम्ही काही बोलला नाहीत," साहेब इंग्रजीत पुटपुटले.

"आम्ही विचार करत होतो," ते म्हणाले. "तुम्ही थांबला नाहीत."

मला त्यांचा राग आला नाही, आमचाच आला. ज्याला कुणी नको म्हटलं नव्हतं, ते आम्ही आपल्या हाताने देऊन टाकत आलो होतो, वर नम्रपणे आभारही मानत होतो. मी साहेबांकडे बघितलं नाही. "हँडल मी परत लावतेय," मी इंग्रजीत म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं.

पलीकडे पुन्हा सगळे गप्प झाले. या वेळी साहेबही गप्प राहिले.