आईची हाक आणि पितळी ठोकळा

मोबाइलमध्ये, घड्याळात जी इवलीशी मोटर गुरगुरते, ती धड गुरगुरते की नाही हे तपासायची माझी नोकरी. मोटर पितळी ठोकळ्यावर बसवायची, ठोकळा स्पंजवर ठेवायचा, सेन्सर लावून जोर मोजायचा. हल्ली हे रत्नागिरीत घरूनच करते. आईचं मत, "गुरगुर मोजायचा पगार देतात, धन्य आहे त्यांची."

हीच आई गेल्या वर्षी न्हाणीत पडली. मी बाजारात होते. हाका मारून तिचा घसा बसला, आणि बाबा पडवीत पेपर वाचत होते. मिरकरवाडा बंदरातल्या मच्छीमार लाँचवर जन्मभर इंजिन सांभाळून कान गेलेत त्यांचे; समोर ओठ दिसले तरच बोललेलं कळतं. तेव्हापासून आई आंघोळीला गेली की मी दाराशी स्टूल टाकून बसायची. मुलीने राखण करावी याची तिला लाज वाटायची. चार तांबे ओतून बाहेर यायची. मला ते बघवत नसे.

म्हणून पट्टा केला. बटण दोऱ्यात ओवून आईच्या गळ्यात, मोटर बाबांच्या मनगटावर; बटण दाबलं की मोटर गुरगुरणार. माझ्याकडची सगळ्यात जोरदार मोटर. आईने बटण दाबलं. बाबा ढिम्म.

"नाय लागत गो बाय."

आठ दिवस मोटरी बदलल्या. ठोकळा थरथरायचा, बाबा नाहीत. मी वैतागून त्यांना आकडे दाखवले.

"मग हाक मारल्यावर ठोकळ्यालाच पाठव," आई म्हणाली.

तेव्हा कुठे बाबांनी तळहात पुढे केला. "मशीन धरून धरून हात बधिर झालेत."

"हे आत्ता सांगताय?"

"तू विचारलंस कुठे? तू ठोकळ्याला विचारत होतीस."

हे मात्र खरं होतं. मी विचारलं, "मग इंजिन बिघडलेलं कसं कळायचं?"

"पायाला. अनवाणी उभा राह्यलो की घोट्यात कळायचं."

जोरदार मोटर काढली, इंजिनासारखी जड नि संथ लावली, पट्टा घोट्याला बांधला. आईने आतून बटण दाबलं. बाबांनी पायाकडे बघितलं. "इंजिन जरा जास्तच पळतंय," म्हणाले, आणि उठून तिच्याकडे गेले.

त्या दिवशी आईने त्यांना सतरा वेळा बोलावलं. एकदा आमटीत मीठ बघायला, बाकी उगाचच. बाबा कुरकुरत गेले, पण दर वेळी गेले.

दुसऱ्या दिवशी आई आंघोळीला गेली. मी सवयीने स्टूल ओढलं.

"दाराशी काय बसलीस?" आई आतून म्हणाली. "बाजारातले बांगडे संपतील. जा तू."

पिशवी घेऊन निघाले. फाटकापर्यंत पोचले, तरी आत अजून पाणी पडत होतं, सावकाश.